सात वेळा रंगवलेली भिंत

साहेब, तुम्ही मला सात वेळा रंगवलंत आणि एकदाही आत डोकावला नाहीत. हा आरोप आहे, आणि तो मी तोंडावर करते.

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, निघोजमधल्या एका शाळेची. मला गावाने श्रमदानातून उभं केलं. ज्याला दगड उचलायला जमत होतं त्याने दगड उचलले, बाकीच्यांनी पाणी आणलं. प्रत्येकाला आधी विचारून काम दिलं होतं. म्हणून मी अजून सरळ उभी आहे.

मग साहेब, तुमच्या कंपनीच्या बस यायला लागल्या. साठ जण उतरायचे, सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे, आणि ब्रश दहा. उरलेले पन्नास उन्हात फोटो काढत बसायचे. त्यांचा दोष नव्हता, त्यांना कामच नेमून दिलेलं नव्हतं. खिचडी शिजवणाऱ्या शालनबाई एकदा म्हणाल्याच, "आवं साहेब, भिंत लई गोरी झाली. आतली पोरं वाचताना अडखळत्यात, त्यांचं काय?" तुम्ही हसलात आणि सातव्या रंगावर लिहवून घेतलंत, 'आम्ही तुमच्यासोबत आहोत'.

त्याच बसमधल्या रणजीतला मात्र ते लागलं. तो रोज चार वाजता येऊन चौथीतल्या अपेक्षाला वाचायला शिकवू लागला. एक आठवडा आला, पुढचा आठवडा गायब. कारखान्यात त्याची सकाळची पहिली शिफ्ट संपून दुपारची दुसरी लागली होती. अपेक्षा मला टेकून वाट बघायची. तुम्ही स्वयंसेवकांच्या यादीतून त्याचं नाव कापलंत, शेरा मारलात 'बेभरवशाचा'. वाचन बंद पडलं.

मग एका संस्थेच्या योगिनीताई स्वयंसेवकांचं काम बघायला आल्या. त्यांनी भाषण ठोकलं नाही. रणजीतला फोन करून एवढंच विचारलं, "दादा, तुमची शिफ्ट कशी फिरते?"

हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

ताईंनी उलट शिफ्टचा ज्योतीराम शोधला आणि दोघांची जोडी लावली. माझ्यात एक खिळा ठोकून वही टांगली. शिफ्ट सुटताना मशीनचं जसं पुढच्याला सांगून जातात, तसंच इथे. पहिल्याच आठवड्यात ज्योतीरामने लिहिलं, "भावा, जोडाक्षरावर अडतीये. घाई करू नको." कोणी चुकला तर ताई चिडायच्या नाहीत, आधी काय झालं ते विचारायच्या. आज अशा अकरा जोड्या आहेत आणि वर्ग एक दिवसही बुडालेला नाही.

परवा तुम्ही आठवा रंग घेऊन आलात. अपेक्षा पुढे झाली. माझ्यावर बोट ठेवून तिने खणखणीत वाचलं, "आम्ही तुमच्यासोबत आहोत." कुठेही अडली नाही. शालनबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी भिंत असूनही ताठ झाले, मित्रांनो.

मग अपेक्षा वळली. "साहेब, आम्ही म्हणजे कोण?"

मित्रांनो, मदतीला आलेल्या माणसाला आधी विचारा, मग काम द्या, आणि त्या कामाचं काय झालं ते त्याला कळवा. मला रंग नको. माझ्यातला खिळा तेवढा राहू द्या.

आणि साहेब, तुमच्या ब्रशातून रंग गळतोय. पोरगी अजून समोर उभी आहे.

सांगा, कोण?