दोन धनेश आणि एक सासूबाई

पक्षीउद्यानातल्या राखणदार बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या ताब्यात धनेशांच्या दोन जोड्या होत्या, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत. मोठे धनेश पिवळ्या चोचीचे, डोक्यावर टोप मिरवणारे. जुनी ढोल्यांची झाडं तुटत गेली तसे हेही कमी झाले, म्हणून पाटीवर लाल अक्षरांत ‘संकटात’. शेजारचे राखी धनेश त्यांचेच गरीब चुलतभाऊ. रस्त्याकडेच्या झाडावरही संसार थाटणारे, म्हणून हिरव्या अक्षरांत ‘चिंता नाही’. आणि खरंच, त्यांची कुणी चिंता करत नसे. मोठ्यांना सागवानी ढोली, राखी जोडीला एक फुटकं पिंप.

धनेशाची मादी ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते, फट तेवढी ठेवते आणि पिल्लं जरा मोठी होईपर्यंत नवऱ्याने आणून दिलेलं खाते. राखीबाईंनी पिंपात हे सगळं कधीच उरकलं होतं. मोठ्यांचं घोडं मात्र अडलेलं.

“यंदाही बसली नाही, तर जोडी दुसऱ्या उद्यानात पाठवणार,” पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं.

पोटच्या पोरांसारखी जपलेली पाखरं! मावशी मोठ्यांच्या पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून दिवसभर बसू लागल्या. “शिर की गं बाई आत! किती नखरे ते!”

घरी सुनेपुढे त्यांनी रडगाणं गायलं. सून भाजी चिरता चिरता म्हणाली, “आई, तुम्ही समोर ठाण मांडल्यावर आत कोण जाईल? आम्ही दोघं जरा बोलत बसलो, की तुम्ही येता चष्मा शोधायला.”

“हरवतो माझा!”

“डोळ्यांवर असतो.”

मावशींनी सुनेशी अबोला धरला. पण सकाळी मुकाट्याने स्टूल फिरवलं आणि राखी जोडीकडे तोंड करून बसल्या. मान अवघडली, तरी वळून पाहिलं नाही. काही दिवसांनी पाठीमागून लिंपल्याचा चपचप आवाज येऊ लागला. मावशींनी तोंडात पदर कोंबला.

मादी बसली! आता तिला हलवणं शक्यच नव्हतं. डॉक्टर धावत आले, मागोमाग अख्खं ऑफिस, आणि फटीतून आत सोडायचा कॅमेरा. मावशी वाटेत आडव्या आल्या.

“बाळंतिणीच्या खोलीत डोकावता? लाज आहे का?”

“अहो मावशी, संकटातली जात आहे ही!”

“तिचं एक संकट मी होते. मी पाठ फिरवली. आता तुम्हीही फिरवा.”

डॉक्टरांनी कॅमेरा पिशवीत घातला, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे पिंजऱ्याकडे पाठ करून उभे राहिले.