वाचकताईचा बाप

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं चारशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याला बाहेर जेवायला जायचा मनापासून कंटाळा होता. दुसऱ्याच्या हातचं खाताना त्याची जीभ कमी आणि डोकं जास्त चालायचं. तरी त्या रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून धाकट्या मुलीबरोबर निघाला, कारण तिच्या आईने तशी ताकीदच दिली होती.

"तीन वर्षं ही ज्यांच्याशी फोनवर बोलतेय ते लोक आहेत तरी कोण, एकदा डोळ्यांनी बघून या," ती म्हणाली होती. "माझ्या जिवाला घोर लागलाय."

धाकटी चोवीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. कामावरून आली, चहा प्याली की खोलीत शिरायची. मग दाराआडून तिचं एका सुरातलं बोलणं ऐकू यायचं, जणू कोणी पाढे म्हणतंय. विचारलं तर "ऑनलाइन मित्र आहेत" एवढंच उत्तर. थोरली बँकेत लागली तेव्हा आचाऱ्याने अख्ख्या कॅन्टीनचं तोंड गोड केलं होतं. धाकटीबद्दल कोणी विचारलं, की तो "चाललंय तिचं" म्हणून विषय बदलायचा.

बसमधून उतरल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलं. आज येणाऱ्यांतल्या दोघांना दिसत नाही."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही आईला सांगितलं असतं, आणि आई लगेच हळहळायला लागली असती. त्यांना ते नको असतं."

हे खरंच होतं. मग चालता चालता तिने सगळं सांगितलं. त्यांचा एक गट होता. ज्यांना दिसत नाही ते पत्राचा, औषधाच्या पाकिटाचा, नव्या मशीनच्या बटणांचा फोटो पाठवायचे आणि फोन लावायचे. गटातलं कोणीतरी ते वाचून दाखवायचं. ते पाढे म्हणजे हे होते तर.

हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध तापलेला तवा आणि वर धूर ओढणारी नळी. भिंतीलगत लांबलचक टेबलावर मांसाचे पातळ काप, मसाला लावलेली कोंबडी, अळंबी, रताळ्याच्या चकत्या, किमची म्हणजे कोबीचं लाल कोरियन लोणचं, सॅलडची पानं. हवं ते उचलायचं आणि आपल्या टेबलावर आपणच भाजायचं.

"गिऱ्हाइकालाच कामाला लावतात की," आचारी पुटपुटला. "आचारी बसला असेल आत पाय पसरून."

टेबलावर तिघं आधीच येऊन बसले होते. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेले ऑपरेटर, जन्मापासून न दिसणारे, टाय बांधून आलेले. त्यांच्या शेजारी भूगोल शिकवणाऱ्या बाई, पंचेचाळिशीच्या. त्यांची नजर अडीच वर्षांपूर्वी गेली होती, आणि त्यानंतर त्या बाहेर जेवायला पहिल्यांदाच येत होत्या. तिसरा टॅक्सीवाला. त्याला दिसत होतं, तो धाकटीसारखाच वाचून दाखवणाऱ्यांतला. या दोघांना घेऊन तोच आला होता.

"वाचकताई आली," धाकटीने खुर्ची ओढताच ऑपरेटर म्हणाले. "आणि चपला जड आहेत, म्हणजे बरोबर वडील."

आचाऱ्याने दचकून आपल्या चपलांकडे पाहिलं.

धाकटी बाईंच्या शेजारी बसली. "बाई, हात असा वर धरा. ऊब लागतेय? ही तव्याची कड, याच्या आत जायचं नाही. चिमटा उजव्या हाताला, मांस कापायची कात्री त्याच्या पलीकडे. ताट म्हणजे घड्याळ समजा. बारा वाजता कोंबडी, तीनला अळंबी, सहाला पानं, नऊला तिखट चटणी. चटणी जपून, बरीच लाल आहे."

आवाज तोच, एकसुरी. पण समोर बसून ऐकताना आचाऱ्याला त्यात काहीतरी वेगळं जाणवलं. एकही शब्द फुकट नव्हता, आणि एकही राहिला नव्हता.

बाईंनी चिमट्याने कोंबडीचा तुकडा उचलून तव्यावर टाकला. थोड्या वेळाने उलटायला गेल्या, तर तो चिमट्यातून निसटून कडेला जाऊन पडला. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. बाईंचा चेहरा उतरला. आचाऱ्याला राहवेना. दुसरा चिमटा उचलून त्याने तुकडा पकडलासुद्धा.

"बाबा, राहू द्या," धाकटी हळूच म्हणाली.

"अगं, करपेल ना."

"करपू दे. त्यांचा तुकडा आहे तो."

आचाऱ्याने चिमटा खाली ठेवला. एकतीस वर्षांत चुलीजवळून त्याला कोणी असं बाजूला केलं नव्हतं. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

"बाई, बघायचं सोडा, ऐका," ऑपरेटर म्हणाले. "आधी चर्रर्र असा ओला आवाज येतो. पाणी आटलं की तो बारीक होतो, टिचक्या मारल्यासारखा. तेव्हा उलटायचं. आचारीसाहेब, बरोबर का?"

आवाजावर कुठे स्वयंपाक होतो का, असं आचाऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला आठवलं, की शेगडीकडे पाठ करून भाजी चिरताना तो मागे न बघता ओरडतो, "कांदा झाला, उतरव." आणि कांदा झालेलाच असतो.

"बरोबर," तो म्हणाला. "मीही तसंच करतो. फक्त आजवर ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

दुसरा तुकडा बाईंनी कान देऊन भाजला आणि एका फटक्यात उलटला. तिसराही. चौथ्यानंतर त्या मान वर करून बोलायला लागल्या.

"तुमच्या मुलीने माझी नोकरी वाचवली, माहीत आहे का तुम्हाला?"

"जाऊ द्या ना ते, बाई," धाकटी म्हणाली.

"का? वडिलांना कळायला नको? डोळे गेल्यावर चार महिन्यांनी शाळेचं पत्र आलं. भावाने वाचलं आणि म्हणाला, नोकरी संपली. आठ दिवस ते पत्र मी उशाखाली ठेवून झोपले. मग कोणीतरी या गटाचं सांगितलं. म्हटलं, शेवटचं एकदा ऐकावं आणि फाडून टाकावं. फोन हिने घेतला. हिने वरचा पत्ता वाचला, तारीख वाचली, शिक्क्यावरची अक्षरं वाचली. मला वाटलं, काय चिकट मुलगी आहे. आणि सगळ्यात खाली, सहीच्याही खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. वर्षभरात प्रशिक्षण घेऊन हजर झालात तर जागा राखून ठेवू."

"भावाने ती पाहिली नव्हती?" आचाऱ्याने विचारलं.

"पाहिली होती. मला झेपणार नाही, उगीच आशा कशाला लावायची, म्हणून गाळली. वाईट नाही हो तो, जीव आहे त्याचा माझ्यावर. पण गाळली." बाईंनी तव्यावरचा तुकडा उलटला. "मी ती ओळ हिच्याकडून तीनदा वाचून घेतली. मग रडत बसले. हिने फोन ठेवला नाही आणि समजूतही घातली नाही. माझं रडून झाल्यावर म्हणाली, प्रशिक्षणाचा अर्ज आला की पाठवा, तोही वाचते. आता आठवीचे दोन वर्ग आहेत माझ्याकडे. नकाशा मुलं काढतात, चुका मी काढते."

"बाकीचे वाचतात चांगलं," ऑपरेटर म्हणाले, "पण मध्येच म्हणतात, 'पुढे काही विशेष नाही.' अरे, विशेष आहे की नाही ते आम्ही ठरवू ना."

"तो मीच," टॅक्सीवाला हसून म्हणाला. "ताईने माझी चांगली हजेरी घेतली होती. म्हणाली, दादा, आपल्याला वाचायला ठेवलंय, निवडायला नाही."

धाकटी मान खाली घालून रताळ्याची चकती उलटत होती. तिचे कान लाल झाले होते. आचाऱ्याने मघाशी खाली ठेवलेल्या चिमट्याकडे पाहिलं. त्या भावाच्या जागी आपण असतो तर आपणही ती ओळ गाळली असती, हे त्याला लख्ख कळलं. आपण गाळली असती आणि हिने वाचली. एवढंसं पोर, आणि हे शहाणपण तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

तो उठला, ऑपरेटरांसाठी ताट भरून आणलं आणि त्यांच्या समोर बसून ऐटीत सांगायला लागला, "बारा वाजता भात, तीनला अळंबी."

ऑपरेटरांनी बोटाने चाचपलं. "आचारीसाहेब, तीनला तर किमची लागतेय."

"बाबा, घड्याळ त्यांच्या बाजूने लावायचं, तुमच्या नाही," धाकटी म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं. आचारीही हसला. त्याने उठून, ऑपरेटरांच्या खुर्चीमागे उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

शेवटी बाईंनी आपण भाजलेला एक तुकडा त्याच्या ताटात ठेवला. "खरं सांगा हं."

त्याने सावकाश चावला. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं. "एका बाजूने जरासा जास्त झालाय," तो म्हणाला. "मसाला मात्र जळू दिला नाहीत. माझ्याकडे सहा महिने काढलेल्या पोरांनाही हे जमत नाही."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी लगेच आणखी दोन तुकडे तव्यावर टाकले.

निघताना दाराशी उभ्या असलेल्या हॉटेलच्या बाईने रिवाजाप्रमाणे विचारलं, "जेवण कसं होतं?"

"कोंबडीला लसूण थोडा कमी चालेल," आचारी म्हणाला. मग धाकटीकडे बोट दाखवून, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाला, "ही माझी मुलगी."

घरी आल्या आल्या तिच्या आईने विचारलं, "कसे आहेत लोक?"

आचारी शर्टही न बदलता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि त्याने चपलांपासून सुरुवात केली. पत्राशी आला तेव्हा आईने हातातली कणीक तशीच ठेवली. मग धाकटीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"त्या बाईंना विचार, आपल्याकडे येतील का जेवायला."

"विचारलंय," धाकटी म्हणाली. "पुढच्या महिन्यात येतायत. गटातले सात जण."

"सात?" आई म्हणाली.

"चारशे करतो मी रोज," आचारी स्टुलावरून म्हणाला, आणि माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला उठला.