गोळीनंतर तीन तासांनी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर माझ्या ताईचे दोन रिपोर्ट झळकत होते. रक्तातलं लोह सकाळी आठला पंचवीस, अकराला एकशे ऐंशी!

"डॉक्टरांना सहा महिन्यांत जमलं नाही, ते माझ्या एका गोळीनं तीन तासांत!" लोहबाबा गरजले. "हिच्या अंगात पोलाद उतरवलंय. आता ती औषधं द्या फेकून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई मात्र पांढरीफटक. जिना चढताना ती दोनदा थांबली होती. आठवड्यावर ऑपरेशन आलेलं आणि बाबांच्या सांगण्यावरून डॉक्टरांची औषधं तिनं कालच बंद केलेली. दोन्ही रिपोर्टांवर सही माझी होती.

मी उठले. "बाबा, हे रक्त मीच तपासलंय."

"वा! साक्षीदारच आला!"

"उरलेल्या रक्तावर फेरिटिनही केलं. शरीरात लोहाचा साठा किती, ते त्यातून कळतं. निदान तीस हवं. ताईचं आठलाही सहा, अकरालाही सहाच."

"मग हे एकशे ऐंशी कुठून आलं?" पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं.

"आजोबा, नळाला जोर आहे म्हणून गच्चीवरची टाकी भरलीय, असं म्हणाल?"

"छे! वर चढून बघेन."

"फेरिटिन म्हणजे वर चढून बघणं." ताईकडे उरलेली बाबांची दुसरी गोळी मी ओल्या रुमालावर चोळली. कोळशाची पूड निघाली. तिच्याखाली दिसली औषधाच्या दुकानात मिळणारी लोहाची साधी गोळी, कंपनीच्या ठशासकट. "ही गिळली की काही तास रक्तातलं लोह उसळतं, मग उतरतं. म्हणून तर गोळीनंतर तीन तासांनीच रक्त तपासायचा बाबांचा नियम! साठा भरायला महिनोन्‌महिने लागतात."

"माझी शक्ती यंत्रात मावत नाही, पोरी!"

"मग पडद्यावर यंत्राचा रिपोर्ट कशाला?"

हशा पिकला. बाबांचा आवाज चिरकला. "मला काय कळतंय त्यातलं? तीन तासांनी रक्त घ्या, फेरिटिन टाळा, हे सगळं तुझ्या मामानंच सांगितलं!"

मामा मागच्या दाराशी उभे होते. मी काम करते ती प्रयोगशाळा त्यांचीच. मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला शिकवलं ते त्यांनीच. ताईच्या रक्ततपासणीच्या अर्जावरचं फेरिटिनही त्यांनीच खोडलं होतं. 'उगाच वेळ जातो गं.'

ताई वळली. "मामा, मीच सापडले?"

"घरातलं माणूस असलं की लोकांना पटतं," ते पुटपुटले.

त्याच दुपारी फेरिटिनचा आकडा घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशन पुढे ढकललं, शिरेतून लोह सुरू झालं.

कुणी रिपोर्ट नाचवला तर विचारा: काय मोजलं, कधी मोजलं, काय मोजायचं टाळलं? समोर घरातलं माणूस असलं तरी विचारा. हे प्रश्न मला मामांनीच शिकवले होते. ते त्यांनाच विचारावेत, असं मात्र माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.