समोरच्यांचा उजवा

"मॅडम, तुमची पाठ दिसतेय," टेबलामागचे साहेब म्हणाले. "आमच्याकडे तोंड करा की."

तिला आधी कळलंच नाही. हॉलच्या एका टोकाला परीक्षकांचं टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. समोर तिचा सकाळचा वर्ग रांगा करून उभा, आणि मधोमध ती, नेहमीसारखी वर्गाकडे तोंड करून. आता व्यायाम शिकवताना वर्गाकडे तोंड करायचं नाही, तर कुणाकडे करायचं?

"सर, मग वर्गाकडे पाठ होईल माझी."

"होऊ दे ना. गुण वर्ग देणार आहे की आम्ही?"

 ती निमूट वळली.

इथं जरा थांबून सांगायला हवं. व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला एक खोड मुद्दाम लावून घ्यावी लागते. समोर उभं राहून तोंडानं म्हणायचं "उजवा पाय", आणि उचलायचा मात्र स्वतःचा डावा. म्हणजे समोरच्याला आरशात बघितल्यासारखं वाटतं आणि त्याचा बरोबर उजवा उचलला जातो. नव्या शिक्षकाची यात भलतीच त्रेधा उडते. तिचीही उडाली होती. मग ते अंगवळणी पडलं, आणि असं पडलं की वर्गाबाहेरही सुटेना. स्कूटरवर मागे बसून ती सांगायची, "आता उजवीकडे घ्या," आणि हात करायची डावीकडे. नवऱ्यानं लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं, की हिचं ऐकायचं नाही, हात दिसेल तिकडे वळायचं. दाताच्या डॉक्टरांनी तर एकदा तिच्या सांगण्यावरून तिची चांगली धडधाकट दाढ ठोकून ठोकून हैराण केली होती.

शाळेत ती पळायची, पण बक्षीस मिळेल इतकी जोरात कधीच नाही. पोहण्याच्या तलावावर लोकांच्या चपला सांभाळायचं काम मिळालं, तिथूनच व्यायाम शिकवायचा कोर्स केला. पुढं सकाळी म्हाताऱ्यांचा वर्ग, दुपारी कपड्यांच्या कारखान्यात पाठ धरलेल्या बायकांचा, संध्याकाळी शाळेतली मुलं, अशी दिवसभर वणवण. आई म्हणायची, "लोकांना उठाबशा काढायला लावायच्या, ह्याला नोकरी म्हणतात होय गं?" क्रीडा केंद्रात ती होती, पण हंगामी. दर वर्षी नवा अर्ज, नवी सही, आणि घेतात की नाही याचा घोर. आता कुठं प्रशिक्षकाची एक कायम जागा निघाली होती, आणि वयाची अट अशी, की पुढच्या खेपेला तिला अर्जसुद्धा करता आला नसता. लेखी परीक्षा तर पार पडली. राहिलं होतं एवढंच, आपला वर्ग आणून शिकवून दाखवायचं.

"उजवा पाय बाजूला, आणि परत," ती म्हणाली आणि सुरू झाली.

समोर फक्त टेबल. साहेबांच्या शेजारी एक परीक्षक बाई होत्या. त्या तिच्याकडे बघत, मग तिच्या मागे बघत, परत तिच्याकडे. मागून धप्प आवाज झाला. "अहो, इकडे कुठं येताय?" असं पोस्टातून निवृत्त झालेले काका कुणावर तरी पुटपुटले. साहेबांच्या ओठावर हसू आलं.  नेमकं आजच काय झालंय या लोकांना? तिनं आवाज चढवला, पाऊल आणखी ठासून टाकायला लागली. "उजवा म्हटलं की उजवा," तिनं बजावलं. तेव्हा परीक्षक बाईंनी खाली मान घातली.

शेवटी राहवेना म्हणून तिनं वळून बघितलं. सगळा वर्ग कसा एका तालात होता. सगळ्यांचे उजवे पाय बाहेर. फक्त पुढच्या रांगेतले कायकाका तेवढे उलट्या बाजूला जाऊन शेजारच्या शिंपीणबाईंना धडकलेले. हे काका कानानं कमी. काहीही बोललं की "काय?" म्हणून विचारणार, म्हणून वर्गानं त्यांचं नाव कायकाका पाडलेलं. त्यांचा सगळा व्यायाम डोळ्यांवर चालायचा. मॅडम जे करतील ते करायचं.

आणि मग तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. बाहेर होता तो डावा.

"वर्ग उत्तम आहे," साहेब म्हणाले. "कुणी शिकवलं यांना?"

"मीच."

"पण तुम्हाला तर येत नाही."

"तसं नाही सर, माझा डावा म्हणजे त्यांचा उजवा..."

"आत्ता ते तुमच्या मागे होते, मॅडम."

तेही खरंच होतं.  परीक्षक बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. हंगामी म्हणून तुम्ही आहातच. पण प्रात्यक्षिक चुकलेल्या बाईला कायम कसं करायचं, सांगा बरं."

बाहेर व्हरांड्यात वर्ग खुशीत होता. पोस्टातले काका म्हणाले, "फक्कड झालं मॅडम. एक पाऊल चुकलं नाही आमचं."

"नाही झालं," ती म्हणाली. "जागा गेली."

 शिंपीणबाईंनी कायकाकांकडे मोर्चा वळवला. "जाणारच. तुम्ही आलात ना धडकत. तुमच्यापायी गेली मॅडमची नोकरी."

"काय?"

पोस्टातल्या काकांनी तेच वाक्य त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. या वेळी त्यांना पुरतं ऐकू गेलं. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मी तर मॅडमचं बघूनच केलं."

त्यांचं बरोबर होतं. चूक तिची होती, हे तिनं तिथंच सांगायला हवं होतं. पण चूक म्हणजे नक्की काय झालं, हेच तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. ज्यांनी बरोबर केलं ते तिचं ऐकून, जे चुकले ते तिचं बघून, आणि शिकवणारी तर एकच. ती हे जुळवत होती, तोवर कायकाका पिशवी उचलून एकटेच निघून गेले.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेक पाय उचलून बघायला लागली. नवरा दारात येऊन थबकला.

"अगं, जेवतेस कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग झालं. त्याच बाजूचा पाय."

"ते मला कळतं हो. पायाला कोण सांगणार?" असं म्हणता म्हणता तिला रडू कोसळलं. "मी इतकी वर्षं बरोबर शिकवलं की चूक, तेच मला कळेनासं झालंय."

 नवरा आत गेला, चहा ठेवला, आणि तिच्यापुढं कप आणून ठेवला. 

दुसऱ्या दिवशी वर्गावर येताना तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पाय हलवायचेच नाहीत. चौथऱ्यावर दोन्ही पावलं जुळवून उभं राहायचं आणि नुसतं तोंडानं सांगायचं. भानगडच नको. "उजवा," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी उचलला. "डावा." तोही उचलला. सगळं सुरळीत चाललं होतं. तिला मात्र आपण इथं उगाच उभ्या आहोत असं वाटायला लागलं.

मग कायकाका दिसले. ते उशिरा येऊन शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभे होते. पुढची आपली जागा त्यांनी सोडली होती. आजूबाजूला सगळे हलत होते आणि काका तिच्या पायांकडे बघत वाट पाहत होते.

तिनं वर्ग थांबवला. हातानं खुणावून काकांना पुढं बोलावलं. ते कचरत आले. पोस्टातल्या काकांनी नाखुशीनं जागा दिली.

"काल काकांचं चुकलं नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "चुकले मी. आणि माझं बघून करणारे हे एकटेच होते."

 शिंपीणबाईंनी पदराला हात पुसला आणि काकांसाठी आणखी थोडी बाजूला सरकल्या. काकांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते आपले तयारीत उभे होते.

ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "उजवा," ती म्हणाली, आणि कुठला पाय उचलावा याचा विचार न करता एक पाय उचलला. काकांनी तो नीट बघून घेतला आणि आपला उजवा उचलला.