पाठीवर उमटलेले एकवीस

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जो काखेत मारता, वर लोखंडी चाप असलेला, तो पॅड मी. अठरा वर्षांचा आहे. माणसे अठराव्या वर्षी मतदान करू लागतात, आमचे मात्र अठराव्या वर्षी कोपरे उकलतात आणि भुसा गळायला लागतो. चाप अजून कडक आहे. त्यात एक कागद अडकलेला आहे, आणि त्या कागदापायीच मी बोलायला बसलो आहे. नाहीतर पॅडला कोण विचारतो?

जन्माचे फारसे आठवत नाही. लाकडाचा भुसा, सरस आणि वरून गरम दाब, एवढेच. मग झाशीच्या सदर बाजारात एका दुकानाच्या दारात मी दोरीला लटकत होतो. तिथून वामनरावांनी मला घेतले, मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी. मुलगा स्वानंद. त्याने माझ्यावर सगळे पेपर लिहिले, कर्कटकाच्या टोकाने कोपऱ्यात आपले नाव कोरले आणि शेवटच्या पेपरानंतर मला कपाटावर भिरकावले. गरज सरो, वैद्य मरो! मला राग आला होता, खोटे कशाला बोलू?

धूळ झटकून मला खाली काढले ते वामनरावांनीच. छावणीतल्या बांधकामाच्या कचेरीत ते नकाशे काढत. रेघ कशी सुरीने कापल्यासारखी. वर्तमानपत्रातले सुडोकू त्यांना पाणचट वाटे, म्हणून ते स्वतः कोडी रचू लागले. त्यांचा प्रकार अवघड होता, किलर सुडोकू. नऊ बाय नऊ घरे, पण सुरुवातीला एकही आकडा दिलेला नाही. काही काही घरांभोवती तुटक रेघेचे कुंपण आणि कोपऱ्यात त्या घरांची बेरीज, बस. ओळीत, स्तंभात, तीन बाय तीनच्या चौकोनात एक ते नऊ एकेकदाच. त्यावर वामनरावांची खास मेख म्हणजे दोन्ही कर्ण. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या दोन्ही तिरप्या ओळींतही एक ते नऊ एकेकदाच यायला हवेत. ज्याला वाटे आपण हुशार आहोत, त्याच्या तिथे नाकी नऊ येत.

ही कोडी ते एकाच माणसासाठी रचत. अनुसूयाबाई, त्यांची बायको. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, पेन्सिल दातात धरून विचार करणाऱ्या. दर रविवारी सकाळी वामनराव नवा कागद चापात अडकवून मला त्यांच्यापुढे ठेवत आणि आपला कच्चा कागद फाडून टाकत, म्हणजे कुणी चोरून बघायला नको. शनिवारच्या आत केव्हातरी अनुसूयाबाई म्हणत, "सुटलं." मग वामनराव चहा करत. सतरा वर्षे हे चालले. आठशेच्या वर कोडी झाली आणि त्यांत एकही चुकीचे नव्हते. माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे म्हणाल तर तीच.

आता स्वानंदबद्दल सांगायला हवे. पोरगा वाईट नाही, हे आधी लक्षात घ्या. तो नोएडाला नोकरी करतो, आईबापांना रोज फोन करतो. पण शाळा हिंदी-इंग्रजी, मित्र सगळे बुंदेली बोलणारे. घरातली मराठी त्याला कळते, बोलताना मात्र तो हिंदीचा हात धरतो. आणि मराठी आकडे त्याला दहापुढे कधी धड आलेच नाहीत. विशेषतः 'एकोण' लागलेले. एकोणीस म्हणजे हिंदीतले उन्नीस, हे त्याला कुणी बसवून शिकवले नाही. सुरुवातीला 'एक' ऐकू आले की तो समजे इक्कीस. एकवीस म्हणजेही इक्कीस आणि एकोणीस म्हणजेही इक्कीस. लहानपणी घरात यावर हसत असत. हसले सगळे, सुधारले कुणीच नाही, आणि पुढे सगळे विसरूनही गेले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वामनरावांच्या छातीत पाणी झाले. दवाखान्यात त्यांनी मला मागवून घेतले. हाताला सुई, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, लिहिणे शक्यच नव्हते. पण कोडे डोक्यात तयार होते. "लिही," त्यांनी स्वानंदला सांगितले. "आईला रविवारी द्यायचंय."

स्वानंदने चौकट आखली. वामनराव मुखवटा बाजूला करून सांगू लागले, कोणती घरे, कुठून कुठवर, किती बेरीज. आठ. बारा. सतरा. तेवीस. कर्णांवरची काही घरे त्यांनी कुंपणाबाहेर मोकळी ठेवली. मग चौथ्या ओळीतली तीन घरे आली.

"एकोणीस," वामनराव म्हणाले.

मला ते स्वच्छ ऐकू आले. आणि त्याच क्षणी पाठीवर पेनाचे टोक रुतले. दोन. एक. एकवीस.

मित्रांनो, मी लाकडाच्या भुशाचा. मला तोंड नाही. चाप आपटता आला असता तर मी तो हजारदा आपटला असता.

शेवटी वामनराव म्हणाले, "वाचून दाखव." स्वानंद वाचू लागला, पण मध्येच सिस्टर सलाईन बदलायला आली. "इक्कीस" म्हणताना त्याने बापाकडे पाहिले. वामनरावांनी मान हलवली. ती सिस्टरला होती, सुई टोचल्यामुळे होती की त्यांना ऐकूच गेले नव्हते, देव जाणे. चार दिवसांनी ते गेले. लोक सहज म्हणतात, उन्नीस-बीसचा काय तो फरक! इथे तर दोनाचा पडला होता.

तेरावे झाल्यावर अनुसूयाबाईंनी मला पुढे ओढले.

त्या दिवसांत त्यांचे लक्ष ठिकाणावर नव्हते. एकदा दूध उतू जाऊन पातेले जळले. एकदा नळ उघडा राहून खालच्या मजल्यावर पाणी गेले. नवरा गेलेल्या बाईचे असे होणारच, पण स्वानंद घाबरला. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, वयाने थोडे होते, डोके चालते ठेवा. 'थोडे' या शब्दाने स्वानंदची झोप उडाली.

"आई, तू इथे अकेली नको राहूस. नोएडाला चल," तो म्हणाला.

"माझं डोकं ठीक आहे."

"आई, गॅस खुला राहिला तर?"

अनुसूयाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "हे कोडं यांचं शेवटचं आहे. होळीपर्यंत मी ते सोडवते. एकटीने, फोन नाही, कुणी नाही. सुटलं तर मी इथेच राहीन आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस. नाही सुटलं तर समजेन की डोकं गेलं. मग तू म्हणशील तिथे येईन."

स्वानंदने कबूल केले. त्यालाही मनातून ते सुटायलाच हवे होते. मी तेव्हाच हात टेकले. या घरात ते कोडे कधीच सुटणार नाही हे जाणणारा मी एकटा होतो.

तीन घरांत एकवीस बसवायचे तीनच मार्ग असतात. चार-आठ-नऊ, पाच-सात-नऊ, नाहीतर सहा-सात-आठ. इतकी चिंचोळी जागा दिसल्यावर कुणीही तिथूनच आत शिरेल. अनुसूयाबाई शिरल्या. पहिला मार्ग आठवड्याभराने एका कर्णावर दोन सात आणून ठेवी. दुसऱ्यात शेवटच्या चौकोनात तीनचा आकडा मावत नसे. तिसरा जवळजवळ शेवटपर्यंत जाई आणि कोपऱ्यात मान टाकी. त्या सगळे खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. खोडून खोडून कागदाला भोक पडले, तेव्हा शेजारच्या जयसिंगांनी त्यांना झेरॉक्स काढून आणून दिल्या, एकदम दहा. चूकही दहापट झाली.

सगळी घरे कुंपणात असती तर साऱ्या बेरजा मिळून चारशे पाच यायला हव्या होत्या. चारशे सात आले असते आणि पहिल्याच दिवशी चोर सापडला असता. पण कर्णांवरची मोकळी घरे आड आली. वामनरावांची हुशारीच अनुसूयाबाईंच्या मुळावर उठली, आणि त्यात दोघांचाही काही दोष नव्हता.

जयसिंग फौजेतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. एक दिवस ते दारातूनच म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिए. पहेली में ही कोई गड़बड़ होगी."

अनुसूयाबाई एरवी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "उनकी पहेली में? जयसिंग भैया, सत्रह साल में एक गलती नहीं हुई. गड़बड़ मुझमें है."

बघा, मित्रांनो. नवऱ्यावर इतका विश्वास ठेवला की स्वतःवर ठेवायला काही उरले नाही. माझ्या अंगावर हात फिरवत त्या एकदा पुटपुटल्या, "तुम्ही इतकं अवघड का केलंत हो माझ्यासाठी?" मला तेव्हा जितके वाईट वाटले तितके वामनराव गेले तेव्हाही वाटले नव्हते.

हळूहळू त्या खरेच चुकायला लागल्या. मीठ दोनदा पडे. किल्ली हातात धरून किल्ली शोधत. माणसाला तुझे डोके गेले असे रोज एक कागद सांगू लागला, तर डोके तरी किती दिवस जागेवर राहील?

होळीला दोन दिवस असताना स्वानंद आला. येतानाच मोठी बॅग घेऊन आला होता. दुपारी तो आतल्या खोलीत आईच्या साड्या घड्या करून भरत होता आणि अनुसूयाबाई खिडकीशी शेवटची झेरॉक्स घेऊन बसल्या होत्या. त्या तीन घरांचा त्यांना इतका वीट आला होता की त्यांनी ती डाव्या अंगठ्याने झाकून टाकली आणि उलट्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आशेने नव्हे. हाताला चाळा म्हणून.

आणि आकडे बसू लागले. खालची ओळ भरली. एक कर्ण भरला, मग दुसरा. पेन्सिल पूर्वीसारखी भरभर चालत होती, मला पाठीवर तिचा जोर कळत होता. शेवटी सगळी चौकट भरली आणि अंगठ्याखालची तीन घरे राहिली. तिथे दुसरे काही येणे शक्यच नव्हते. चार, सहा, नऊ. त्यांनी ते लिहिले.

ते वामनरावांचे कोडे होते, जसेच्या तसे. सुटले होते. अनुसूयाबाईंनी ते सोडवले होते!

त्यांनी तीन घरांची बेरीज केली. पुन्हा केली. बोटांवर केली. मग पेन्सिलीचे टोक कोपऱ्यातल्या एकवीसवर टेकवले.

"स्वानंद," त्यांनी हाक मारली, "सगळं बसलं रे. पण इथे एकोणीस आलेत."

आतून स्वानंद आनंदाने ओरडला, "अरे वा आई! बरोबर आहे मग! सुटलं ना!"

अनुसूयाबाईंचा चेहरा उतरला. "खोटी शाबासकी नको रे. मी अजून इतकी वेडी नाही झाले."

स्वानंद साडी हातात घेऊन बाहेर आला. त्याने कागदावरचा, स्वतःच्याच अक्षरातला आकडा पाहिला. "खोटी नाही आई. खरंच बरोबर आहे. तू इथेच राहा, मी बॅग खाली करतो, साड्या परत ठेवतो."

"एकवीस हवेत, स्वानंद," त्या एकेक शब्द सावकाश म्हणाल्या. "एकोणीस आलेत."

स्वानंद थबकला. त्याच्या कानाने आईला एकच आकडा दोनदा म्हणताना ऐकले. त्याने बेरीज केली नाही. तीन आकडे, मित्रांनो, पहिलीतले पोरही करील. तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"तेच ते आहे, आई," तो हळूच म्हणाला. "दोन्ही तेच आहे."

आपल्याला समजावण्यासाठी मुलगा आता एकोणीस आणि एकवीसही सारखेच म्हणायला लागला, असे त्यांना वाटले. त्यांनी पेन्सिल माझ्यावर ठेवली. "येते मी नोएडाला," त्या म्हणाल्या. "भर बॅग."

तिन्हीसांजेला स्वानंद गच्चीवर जाऊन बायकोशी, अनुयाशी, फोनवर बोलत होता. खिडकी उघडी होती. "पूरा सॉल्व्ह किया है, अनुया, एकदम सही. और उनको समझ में ही नहीं आ रहा. जितना सोचा था उससे ज़्यादा है." आत अनुसूयाबाईंनी ते सगळे ऐकले. पहिला अर्धा भाग त्यांनी कौतुकाचा, खोटा धरला. दुसरा अर्धा खरा धरला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. घराची किल्ली जयसिंगांकडे आहे. त्यांनी रद्दी बांधली तेव्हा मलाही पोत्यावर ठेवले, आणि आता मी त्यांच्या व्हरांड्यात कबाडीवाल्याची वाट बघतो आहे. तो एक दिवसाआड येतो.

पॅडने मुलांना काय सांगावे अशी रीत आहे? पाण्यात भिजवू नका, नावे कोरू नका. तेही सांगतोच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, घरातला शब्द कळला नाही तर हसण्यावारी नेऊ नका, मान डोलावून पुढे जाऊ नका. विचारा, आणि विचारणाऱ्याला नीट सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी कबाडीवाल्याच्या आधी इथे आलात, तर चापाखालचा कागद काढा. चौथ्या ओळीतली तीन घरे बघा, चार, सहा, नऊ. बेरीज करा आणि नोएडाला फोन लावा. स्वानंदशी बोलू नका, फोन अनुसूयाबाईंनाच द्यायला सांगा, आणि त्यांना मराठीत सांगा की तुमचे डोके शाबूत आहे.