मशीन मिळालं का?

"विचारा की, वन्सं! लाजताय कशाला?" असं म्हणून वहिनीने पायमशीन आणखी जोरात खडखडवलं.

समोर स्टुलावर बसलेली टक्केताई लाजत बिजत नव्हती, तिला राग आला होता. टक्केताई हे तिचं घरातलं नाव. आर्थिक धोरण विश्लेषणाच्या एम.ए.ला गेल्यापासून तिच्या बोलण्यात माणसं कमी आणि टक्के जास्त यायला लागले होते, म्हणून पडलेलं. मांडीवर तेवीस प्रश्नांचा फॉर्म, आणि उत्तरं द्यायला सख्ख्या भावाची बायको! एका घरात राहून गेले आठ महिने दोघी बोलायच्या त्या या फॉर्मपुरत्याच.

"प्रश्न पहिला. योजनेतून विजेवरचं मशीन मिळालं का?"

"डोळे फुटलेत का? मग हे काय विमान चालवतेय मी?"

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाही! लिहा. चांगलं मोठ्या अक्षरात लिहा."

योजना अशी होती. शिवणकाम करणाऱ्या दोनशे बायकांची नावं घ्यायची, सोडत काढून शंभर जणींना मशीन द्यायचं, उरलेल्या शंभर जणींना काहीच नाही, आणि दोन्ही गटांना दर महिन्याला तेच प्रश्न विचारायचे. फरक दिसला तर योजना चांगली. या फरकावरच टक्केताईचा प्रबंध उभा होता आणि प्रबंधावर पदवी. म्हणजे ज्यांना काही मिळालं नाही, त्यांनी 'नाही मिळालं' हे सांगायला महिन्याला अर्धा तास मोडायचा. वा रे अभ्यास!

वहिनीचा नंबर एकशे त्रेचाळीस, न मिळालेल्यांत. मशीन गेलं समोरच्या शिंपिणीकडे, नंबर एकशे चव्वेचाळीस. शाळेच्या गणवेशांचं काम सहा वर्षं वहिनीकडे होतं. तिसऱ्या महिन्यात तेही रस्ता ओलांडून समोर गेलं.

"प्रश्न तेविसावा. मशीन न मिळण्याचं कारण, तुमच्या मते?"

"माझं फुटकं नशीब. दुसरं काय?"

टक्केताईने चौकटीत नऊचा आकडा लिहिला. नऊ म्हणजे 'नशीब किंवा सांगता येत नाही'.

आता खरं सांगायचं तर नशीब बिचारं यात कुठेच नव्हतं. सोडतीत एकशे त्रेचाळीस नंबर लागला होता! यादी पहिल्यांदा टक्केताईच्याच हातात आली आणि तो नंबर तिने लगेच ओळखला. लोक म्हणतील, घरच्याच माणसाला दिलं. वर्गातली दोन टाळकी तर तिची चूक पकडायला टपूनच बसली होती. तिने एकशे त्रेचाळीस खोडला, पुढचा नंबर घातला आणि यादी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना पाठवून दिली. वर स्वतःचा अभिमान वाटला तो वेगळाच. फार प्रामाणिक दिसायच्या नादात माणूस काय गाढवपणा करेल, सांगता येत नाही. नंतर कबूल करायचं म्हटलं तर प्रबंध बाद आणि पदवी गेली. म्हणून आळीमिळी गुपचिळी.

हा आठवा फॉर्म भरून झाला आणि नशिबाला शिव्या देऊन दमलेल्या वहिनीने त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या विभागात लेखी तक्रार दिली. सोडतीत वशिला लागला, समोरची बाई माझ्या नणंदेची मैत्रीण आहे, असं सरळ लिहिलं.

"अगं, घरातलं घरात मिटवावं माणसाने," दादा म्हणाला.

"घरातल्यांनीच आग लावली तर बंब बाहेरूनच बोलवावा लागतो," वहिनी म्हणाली. दादा चपला घालून बाहेर गेला. दुसरं त्याला कधी काही जमलंय?

सर चिडतील असं टक्केताईला वाटलं होतं. ते उलट खूश झाले. "बोलवा सगळ्यांना! त्यांच्यासमोर सोडत पुन्हा काढू. कर नाही त्याला डर कशाला?"

सोडत संगणकाने काढलेली. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यायचा असतो, आणि तोच आकडा पुन्हा दिला की तीच यादी पुन्हा येते. तो आकडा टक्केताईने स्वतःच प्रबंधाच्या शेवटच्या पानावर छापला होता. एक अंक बदलला तर सगळीच यादी बदलणार आणि लगेच बोंब होणार. तिने आजारी पडायचाही विचार केला, पण ताप काय बोलावल्यावर येतो?

सभागृहात चाळीसेक बायका जमल्या. सरांनी तिलाच आकडा टाकायला लावला. पडद्यावर नंबर आले आणि सर एकेक मोठ्याने वाचू लागले. "एकशे एकेचाळीस. एकशे त्रेचाळीस. एकशे सेहेचाळीस..."

"थांबा," वहिनी उठली. तिच्या हातात तिचं कार्ड होतं. "मागचा नंबर पुन्हा वाचा."

सरांनी वाचला. समोरची शिंपीण म्हणाली, "आणि माझा कुठंय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टक्केताईकडे बघत हळूच म्हणाले, "यादी उतरवताना टायपिंगची चूक झाली असेल. हो ना?"

नुसती मान हलवली की सुटली! तिची मान हलणारही होती. पण वहिनी टेबलापर्यंत आली होती. टेबलावर फॉर्मांच्या फायली होत्या. एकशे त्रेचाळीसची तिने उघडली, आठ महिन्यांचे आठ फॉर्म बाहेर काढले.

"प्रश्न पहिला, वन्सं," ती म्हणाली, अगदी टक्केताईच्याच सुरात. "मशीन मिळालं का?"

"मिळालं होतं."

"मग गेलं कुठे?"

"मी काढलं तुमचं नाव. लोक म्हणाले असते, घरच्याला दिलं."

"कुठले लोक? गणवेश गेले तेव्हा आले होते ते लोक? की माझे पाय दुखतात तेव्हा येतात शेक द्यायला?" वहिनीचा आवाज चिरकला. "आणि वर माझ्याच समोर बसून विचारत होतात, मिळालं का म्हणून! आठ महिने मी नशिबाला शिव्या घातल्या. त्याचा काय गुन्हा होता?"

वहिनीने फॉर्म टक्केताईपुढे सरकवले. "तेविसावा प्रश्न. ते नऊ खोडा आणि खरं उत्तर लिहा."

"विचार करा," सर म्हणाले. "तो कागद मला वर पाठवावा लागेल."

टक्केताईने पेन उचललं. नऊ खोडला आणि त्याच्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पहिल्या फॉर्मवर अक्षर वेडंवाकडं आलं. आठव्यापर्यंत अक्षर नीट यायला लागलं.

वहिनीने आठही फॉर्म मोजून घेतले आणि सरांच्या हातात दिले.