रिझर्व्ड चांगुणा

मार्तंड खळदकर सरांकडे एक दोनशे पानी वही होती, आणि तिच्यात सगळं गाव इंग्रजी विशेषणांखाली मांडून ठेवलेलं होतं. सरपंच 'पॉम्पस', म्हणजे बडेजावी. पोस्टमन 'इन्क्विझिटिव्ह', नको तितका चौकस. देवळातल्या पुजाऱ्यासाठी सापडलेल्या शब्दाचा तर उच्चारही सरांना धड येत नव्हता, पण शब्द चपखल होता म्हणून तो तसाच उतरवला होता. पाथर्डी तालुक्यातल्या त्या हायस्कुलात बावीस वर्षं इंग्रजी शिकवून सरांना ही एक खोड जडली होती. माणूस दिसला की शब्द शोधायचा, आणि एकदा शब्द सापडला की त्या माणसाकडे पुन्हा म्हणून बघायचं नाही.

त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत आसाराम त्यांच्या दारात आला तो दुष्काळी कामावरून थेट, भुवयांवर खडीची धूळ घेऊन. मागे त्याची लेक चांगुणा.

"सर, हिला नगरला नर्सच्या शिक्षनाला घालायचीय," आसाराम म्हणाला. "चालचलनुकीचा दाखला लागतो. तिथल्या मोठ्या बाई केरळच्या हायेत म्हनं, तवा विंग्रजीतच पायजे. तुमच्याबिगर कोन देनार?"

चांगुणा दाराच्या चौकटीशी उभी राहिली. वय तेवीस, सातवी पास. तीन वर्षांपूर्वी सासरहून आली ती परत गेली नाही. का गेली नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यामुळं गावानं आपापल्या सोयीनं कारणं ठरवून घेतली होती. विचारलं तर 'व्हय' आणि 'न्हाई', या दोन शब्दांवर तिचं सगळं भागत होतं.

सरांनी वही उघडली. अशी संधी रोज येत नव्हती. 'सायलेंट' नको, तो भिंतीलाही लागू पडतो. 'टॅसिटर्न'ला तुसडेपणाचा वास आहे. 'सलन' म्हणजे तोंड फुगवून बसलेली. 'डम्ब' म्हणजे मुकी, आणि वर पुन्हा बावळट. 'क्वाएट' तर रोज पाचवीच्या वर्गावर ओरडायचा शब्द. 'रेटिसंट' सुरेख, पण त्याच्या स्पेलिंगपाशी सरांचा हात अडखळला. शेवटी 'रिझर्व्ड' सापडला. मोजकं बोलणारी, आब राखून असणारी, घरंदाज. सरांनी तो दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला.

चहा घेऊन आलेल्या नीलांबरीबाईंनी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या वहीकडे. "तिला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"का बोलत नाही ते."

"दाखल्यात कारण लिहायचं नसतं," सर म्हणाले, आणि वळणदार इंग्रजी अक्षरात लिहून मोकळे झाले: मुलगी सद्वर्तनी असून रिझर्व्ड आहे.

तीन आठवड्यांनी आसाराम पुन्हा दारात. हातात खाकी पाकीट, मागे चांगुणा. पत्रात लिहिलं होतं, आपण राखीव जागेसाठी अर्ज केल्याचे दिसून येते, तथापि जातीचा दाखला जोडलेला नाही. आठ दिवसांत सादर न केल्यास अर्ज निकालात काढण्यात येईल.

"आपली जात काय तुमाला ठावं न्हाई व्हय सर? मंग राखीव कुठनं आलं?" आसाराम म्हणाला. "तलाठ्याकडं गेल्तो. तो म्हनतो, दाखला देतो, पर आधी दुसऱ्या जातीत जन्म घेऊन ये. आनि आठातले तीन दिवस तर पोष्टातच गेले."

सरांनी पत्र पुन्हा वाचलं. राखीव. कुठल्या तरी टेबलावर कुठल्या तरी कारकुनानं त्यांच्या लाडक्या शब्दाचा सरळ, सरकारी अर्थ घेतला होता, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

"कारकुनाचा घोळ आहे," सर म्हणाले. "उद्या आपण जाऊन निस्तरून येऊ."

चांगुणानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तिघं नगरला गेले. दवाखान्यातल्या कचेरीत कारकुनानं अर्ज काढून दाखवला. 'रिझर्व्ड'खाली लाल पेन्सिलीची रेघ होती. "सर, इथं स्वच्छ लिहिलंय," तो नम्रपणे म्हणाला. सरांना शाईची दौत सांडल्यासारखं वाटलं.

केरळच्या त्या मोठ्या बाई, मेट्रनबाई, आतून आल्या. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि क्षणभर हसल्या. अर्ज राखीव ढिगातून काढून दुसऱ्या ढिगावर ठेवायला त्यांनी हात पुढं केला, आणि तो मध्येच थांबला.

"म्हणजे ही बोलत नाही?" बाईंचं मराठी सावकाश होतं, शब्द तपासून घेतल्यासारखं.

"कमी बोलते, मॅडम. रेटिसंट म्हणा. किंवा रिस्ट्रेन्ड."

"रिस्ट्रेन्ड आम्ही पेशंटला म्हणतो, सर. पलंगाला बांधला, की." त्या हसल्या नाहीत. "तुमच्याकडे हा गुण असेल. माझ्या वॉर्डात गप्प मुलगी चालत नाही. पेशंट निळा पडतो, आणि गप्प मुलगी मोठ्या नर्सला उठवायला लाजते. नंतर कागदावर सही मी करते." त्यांनी अर्ज दोन्ही ढिगांपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवला.

कारकुनाच्या पेन्सिलीतून सुटलेली मुलगी सरांच्या स्तुतीनं बुडायला निघाली होती. सर मनात शब्द चाळू लागले, पण पानं कोरीच येत होती. आसारामला राहवेना. "बाई, पोरगी लई गुनाची हाय. कदी वर मान करून..."

"आन्ना, थांबा," चांगुणा म्हणाली.

तिनं पदर सारखा केला आणि मेट्रनबाईंकडे बघून बोलू लागली.

"पहिल्या खेपेला माह्यारी यायचं ठरल्यालं. पर आठवा सरायच्या आतच कळा आल्या. दुपारची येळ. सासरे वसरीवर पावन्यांसंगं बसल्याले. सासू म्हनली, तोंडातनं आवाज काढू नको, घरान्याची शोभा व्हईल. मी पदराचा बोळा दातात धरला. सुईन शेजारच्याच आळीत हुती. ती म्हनली, आवाज न्हाई म्हंजे आजून येळ हाय. पावने जेवून गेले, मग तिला आनली. पोरगं आडवं हुतं, हाती लागलं न्हाई."

कचेरीत पंखा फिरत होता. कारकुनानं पेन्सील खाली ठेवली.

"सासू आजून समद्यांना सांगती, आमच्या सुनंनं हूं का चूं केलं न्हाई. लई कौतिक झालं माजं. त्या कौतिकात मला ऱ्हावंना, म्हनून निघून आले. मला हे शिकायचंय ते त्याच्यासाठीच. वरडनाऱ्या बाईला वरड म्हनून सांगनारं कुनीतरी पायजे."

हे कौतुक व्याह्याकडून ऐकून आसारामनंही चार ठिकाणी सांगितलं होतं, आमची पोर म्हणून. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची घडी पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

मेट्रनबाईंनी दाखला सरांपुढं सरकवला. "हे दुरुस्त करा, सर. इथंच."

सरांनी पेनचं टोपण काढलं. मोकळं बोलणाऱ्याचा 'कँडिड' आला, 'आउटस्पोकन' आला, 'फॉर्थराइट' आला, आणि एकेक जण खाली मान घालून परत गेला. वहीतल्या कुठल्याच शब्दाच्या दातात पदराचा बोळा नव्हता. त्यांना नीलांबरीबाईंचा प्रश्न आठवला. तो विचारायला इंग्रजी लागलं नसतं. त्यांनी 'रिझर्व्ड'वर आडवी रेघ ओढली, वरच्या जागेत दोन लहान शब्द लिहिले आणि बाजूला सही केली.

बाईंनी वाचलं. "शी स्पीक्स," त्या कारकुनासाठी मोठ्यानं म्हणाल्या, आणि अर्ज उचलून खुल्या जागांच्या ढिगावर ठेवला. "एक तारखेला ये. पांढऱ्या साड्या आण, दोन."

बाहेर पायऱ्यांवर आसारामनं टोपी घातली. "सर, शेवटाला काय लिवलंत?"

"ती बोलते, असं."

"येवढंच?" आसाराम म्हणाला. थोडा वेळ चालला आणि लेकीकडे न बघता म्हणाला, "लई हाय."

तिघं स्टँडवर आले. एस्टीची वाट बघताना चांगुणा सरांच्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"सर, त्यो कारकुनाचा घोळ नव्हता ना?"

सरांनी वर पाहिलं. "नाही. माझा होता."

"ठावं हुतं मला. कारकुनाचा असता तर तुमी भांडायला उठला असता. तुमचे कान लाल झाल्ते." ती जरा थांबली. "त्याच दिशी बोलायला पायजे हुतं मी."